गुळावरचा आळ

फराळाचे ताट पुढ्यात असताना पोटातल्या जंतांची गोष्ट काढणे हे काही सभ्यपणाचे लक्षण नव्हे. पण दिवाळीचे हे चार दिवसच असे आहेत की आपल्याकडच्या पुष्कळ घरांतून जंतांचे नाव हटकून निघते. पोराने तिसऱ्या अनारशाला हात घातला की स्वयंपाकघरातून आवाज येतो, "पुरे झाले आता! इतके गोड खाशील तर जंत होतील." माझी आजी हे म्हणत असे, आणि तिच्या आजीनेही तिला हेच ऐकवले असणार. गूळ खाल्ला की जंत होतात, हे आम्हां भावंडांना बे एके बे इतके पाठ होते. कोणाच्या पोटात दुखले, झोपेत कोणी दात खाल्ले, नाकाशी बोट नेले, की आजीचे निदान ठरलेले असे, "गुळाचा डबा कोणी उघडला होता?" मग वावडिंगाचा काढा, त्याने भागले नाही तर पळसपापडीचे चूर्ण, आणि सर्वांत शेवटी, नाक दाबून, एरंडेल. आरोपी गूळ आणि शिक्षा आम्हांला, असा तो न्याय होता.

मी वैद्य नाही की डॉक्टर नाही. खेड्यातल्या शाळेत मास्तरकी करतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. पण गुळावरचा हा खटला एकदा मुळापासून तपासावा असे फार दिवस मनात होते. तो तपासता तपासता मी कोठच्या कोठे, थेट कोरियातल्या एका इस्पितळाच्या दारात, जाऊन पोचलो. तीच हकीकत आज सांगायची आहे.

आधी आजीची बाजू. तिचा आरोप तिच्या पदरचा नव्हता. चरकसंहितेच्या विमानस्थानात सातव्या अध्यायात कृमींचे वीस प्रकार सांगितले आहेत. त्यांतले जे कफापासून होणारे म्हणून सांगितले, त्यांच्या कारणांत दूध, तीळ, मासे, पिठाचे पदार्थ यांच्या पंक्तीला गूळ स्पष्ट बसवला आहे. म्हणजे गुळावरची फिर्याद निदान दीड-दोन हजार वर्षांची जुनी. पण त्याच ठिकाणी चरकाची नजर किती बारीक होती तेही दिसते. या कृमींपैकी काही गोल अंगाचे, गंडूपदाच्या आकाराचे, पांढरे आणि तांबूस झाक असलेले असतात, असे तो सांगतो. गंडूपद म्हणजे आपले गांडूळ. पुढे १७५८ साली स्वीडनच्या लिनियसने या जंताला शास्त्रीय नाव दिले ते 'अ‍ॅस्कॅरिस लुंब्रिकॉइडिस'. त्यातल्या लुंब्रिकॉइडिसचा अर्थ काय, तर गांडुळासारखा! दोन माणसे, मध्ये हजार-दीड हजार वर्षे आणि अर्धे जग, पण प्राणी पाहिल्यावर दोघांच्या तोंडी उपमा एकच आली.

उपायही चरकाने तीन पायऱ्यांनी सांगितला. आधी कृमी ओढून बाहेर काढा, मग त्यांना मानवणारी पोटातली परिस्थिती मोडा, आणि शेवटी ज्यामुळे ते होतात ते कारणच टाळा. आजचे सरकारी आरोग्यखातेसुद्धा यापलीकडे फारसे काही सांगत नाही. चूक झाली ती एवढीच, की तिसऱ्या पायरीवर टाळायचे कारण म्हणून गूळ आणि दूध धरले गेले. खरा गुन्हेगार पायाखाली होता, आणि तो डोळ्यांना दिसण्याजोगा नव्हता.

युरोपातल्या पंडितांनीही काही वेगळे दिवे लावले नव्हते. पोटातल्या पोटात, कुजलेल्या अन्नातून किंवा बिघडलेल्या रसांतून, जंत आपोआप उपजतात, असे तिकडे शतकानुशतके मानले जाई. १६८३ मध्ये लंडनच्या एडवर्ड टायसनने या जंताची चिरफाड करून त्यात नर वेगळा आणि मादी वेगळी असते हे दाखवले. पुढच्याच वर्षी इटलीच्या फ्रान्चेस्को रेदीनेही तेच सांगितले. आता जेथे नर आहे, मादी आहे, तिच्या पोटात अंडी आहेत, तेथे आपोआप उपजण्याची भाषा थांबायला हवी होती. पण नाही! १८१९ साली व्हिएन्नाच्या ब्रेम्सरने पोटातल्या किड्यांवर एक मान्यवर ग्रंथ लिहिला आणि त्यातही आपोआप उपजण्याचाच पक्ष उचलून धरला. त्याला हसू नये. त्याची अडचण खरी होती. जंत वीत-दीड वीत लांब असतो. तो बाहेरून येतो म्हणावे, तर बाहेर मातीत, पाण्यात, भाजीत असा प्राणी कोणाला कधी दिसलेला नाही. मग तो येतो कोठून?

हे कोडे सुटायला माणसांना स्वतःच्या पोटाची प्रयोगशाळा करावी लागली. इटलीत जोव्हानी बात्तिस्ता ग्रासी नावाचा एक तरुण होता. पुढे मलेरियाचा डास शोधण्यात ज्याचे नाव झाले तोच हा. १८७८ च्या ऑक्टोबरात एका प्रेताच्या तपासणीत त्याला जंतांची अंडी सापडली. ती त्याने ओलाव्यात जवळजवळ नऊ महिने जपली, आपल्या पोटात आधीचे जंत नाहीत याची खात्री करून घेतली, आणि १८७९ च्या जुलैत त्यांतली शंभर अंडी गिळली. महिनाभराने त्याच्या शौचात अंडी दिसली. आज आपल्याला ठाऊक आहे की गिळलेल्या अंड्यापासून पुन्हा अंडी घालणारी मादी व्हायला दोन ते तीन महिने लागतात. त्या मानाने ग्रासीचे पीक जरा लवकरच आले म्हणायचे. पण त्याचा रोख बरोबर होता. पुढे त्याच्या एका सहकाऱ्याने १८८६ मध्ये एका लहान मुलाला अंडी देऊन तोच प्रयोग पुन्हा केला. मुलाच्या आईबापांना काय सांगितले असेल, हा विचार मास्तराच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

अंडे गिळले की जंत होतो, एवढे ठरले. पण गिळल्यापासून जंत होईपर्यंत ते अंडे करते काय? सर्वांना वाटे, आतड्यात उतरते, फुटते आणि तेथेच वाढते. १९१६ साली इंडियन मेडिकल सर्व्हिसचा एक कॅप्टन, एफ. एच. स्ट्युअर्ट, हाँगकाँगला होता. त्याने उंदरांना अंडी चारली. काही दिवसांनी उंदीर धापा टाकू लागले. चिरून पाहतो तो आतड्यात काही नाही, आणि फुप्फुसे मात्र बारीक अळ्यांनी भरलेली! स्ट्युअर्टने यावरून उंदीरच हा रोग पसरवत असावेत असा तर्क केला. तो चुकला. पण फुप्फुसाचे दार त्याने उघडले ते उघडलेच.

मग आला जपानचा बालरोगतज्ज्ञ कोइनो. १९२२ साली त्याने स्वतः २,००० अंडी गिळली. शंभर नव्हेत, दोन हजार! सहाव्या दिवसापासून त्याला ताप भरला, दम लागला, न्युमोनियासारखी अवस्था झाली. तशा स्थितीत हा मनुष्य आपले बेडके सूक्ष्मदर्शकाखाली धरून बसला, आणि त्यात त्याला वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या. पन्नासेक दिवसांनी त्याने जंतांचे औषध घेतले, तेव्हा त्याच्या पोटातून ६६७ जंत बाहेर पडले. ते त्याने मोजले. मला या मोजण्याचे फार कौतुक वाटते, आणि त्याचे कारण पुढे येईल.

आता सगळा प्रवास जोडून पाहता येतो. मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. ती माणसाच्या शौचावाटे बाहेर पडतात. ताजे अंडे निरुपद्रवी असते. ओलसर, सावलीच्या मातीत दोन-तीन आठवडे पडून राहिले म्हणजे त्याच्या आत अळी तयार होते. त्याचे कवच इतके चिवट असते की मनासारखी माती मिळाली तर ते वर्षानुवर्षे तग धरते. मग कोणाच्या नखात, न धुतलेल्या कांद्याच्या पातीवर, लहान मुलाच्या मुठीत बसून ते तोंडात जाते. आतड्यात अळी फुटून बाहेर येते, आतड्याची भिंत भेदते, रक्तातून यकृतात, यकृतातून हृदयावाटे फुप्फुसात जाते, तेथे दहा-बारा दिवस राहून श्वासनळीने वर चढते, घशाशी येते आणि खोकल्याबरोबर पुन्हा गिळली जाते. दुसऱ्यांदा आतड्यात पोचते तेव्हा कोठे ती तेथे घर करते. ज्या वाटेने चार पावलांत पोचता येते, तेथे पोचायला ही बया सगळ्या देहाची प्रदक्षिणा का करते, देव जाणे.

या प्रवासातली एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढची सारी कहाणी तिच्यावर उभी आहे. जंत पोटात वाढतो, पण त्याची प्रजा पोटात वाढत नाही. अंडी बाहेर मातीत गेल्याखेरीज पिकतच नाहीत. उवांसारखे एकाचे दहा आणि दहाचे शंभर होण्याची सोय येथे नाही. पोटात एक जंत असेल तर एक पिकलेले अंडे तोंडावाटे गेलेले आहे. शंभर असतील तर निदान शंभर पिकलेली अंडी तोंडावाटे गेलेली आहेत. कोइनोची दोन हजार अंडी आणि ६६७ जंत पाहता, जाणारी अंडी जगणाऱ्या जंतांहून पुष्कळच जास्त असणार. म्हणून जंत मोजणे म्हणजे एका परीने त्या मुलाच्या भोवतालची माती मोजणे.

यातून कोणी सुटत नाही. इंग्लंडचा तिसरा रिचर्ड, १४८५ साली बॉसवर्थच्या लढाईत पडलेला राजा, त्याचा सांगाडा २०१२ साली लेस्टर शहरात सापडला. कमरेच्या हाडांपाशी जेथे त्याचे पोट होते, तेथली माती तपासली तर तिच्यात या जंताची अंडी निघाली. राजाच्या ताटातली भाजीही कोणाच्या तरी सोनखतावरच वाढली असणार.

पाच-दहा जंत पोटात असले तर पुष्कळदा कळतही नाही. मूल थोडे रोडावते, खाल्लेले अंगी लागत नाही, एवढेच. भीती आहे ती गर्दीची. हा जंत आतड्याला चावून किंवा आकडा रुतवून बसत नाही. अन्नाचा लोंढा सारखा खाली चाललेला असतो, त्याच्या उलट पोहत, अंगाच्या पिळाने तो आपली जागा धरून असतो. असे शेकडो एका जागी आले, त्यातून ताप आला किंवा अर्धवट औषधाने ते बिथरले, की एकमेकांत गुंततात. लहान आतडे जेथे मोठ्या आतड्याला मिळते तेथे दार अरुंद असते. त्या दाराच्या अलीकडे त्यांचा दोरखंडासारखा गुंडा होतो आणि वाट बंद पडते. मूल कळवळून रडते, पोट फुगते, ओकाऱ्या होतात, त्यात कधी जंतही पडतात. हाताने चाचपले तर पोटात मळलेल्या कणकेसारखा गोळा लागतो. हे बहुतेक दोन ते दहा वर्षांच्या मुलांत घडते, कारण त्यांची आतडी अरुंद असतात आणि मातीशी मैत्री मोठी.

आतडे अडले तर पोट फाडून मोकळे करावे हे धाडस आपल्याकडे फार जुने. सुश्रुताने बद्धगुदोदर नावाच्या रोगात नाभीच्या खाली डाव्या बाजूला छेद घेऊन चार बोटे आतडे बाहेर काढावे, अडलेली वस्तू काढून टाकावी, तूप-मध लावून आतडे जागी बसवावे आणि पोट शिवावे, असे सांगितले आहे. भुलीवाचून, जंतुनाशकावाचून हे कसे केले जात असेल, या कल्पनेनेच अंगावर काटा येतो. आजचा शल्यवैद्य मात्र जंतांच्या गुंड्यावर एकदम सुरी चालवत नाही. नाकातून नळी घालून पोट रिकामे करायचे, शिरेतून सलाईन द्यायचे, आतड्याला विसावा द्यायचा आणि थांबायचे. पुष्कळदा एक-दोन दिवसांत जंत आपणहून सुटे होतात. तोवर जालीम औषध देण्याची घाईही करीत नाहीत, कारण एकदम लुळे पडलेले जंत गुंडा आणखी घट्ट करण्याचे भय असते. आतड्याला पीळ पडला किंवा ते काळे पडू लागले तरच पोट उघडायचे. तेव्हाही जमल्यास आतडे न कापता, गाय पिळावी तसे बोटांनी बाहेरून जंत पुढे सरकवीत मोठ्या आतड्यात नेऊन सोडायचे. वेळेवर आलेले मूल वाचते. सगळा प्रश्न वेळेवर येण्याचा असतो.

ती मुलगी वेळेवर आली नाही.

दक्षिण कोरियात जिओंजू नावाचे शहर आहे. भोवती भातशेतीचे सपाट मैदान. तेथे प्रेस्बिटेरियन मिशनच्या इस्पितळात पॉल क्रेन नावाचे अमेरिकन शल्यवैद्य होते. मिशनरी आईबापांच्या पोटी जन्मलेले, बालपण कोरियातच गेलेले, तेथली भाषा घरच्यासारखी बोलणारे. १९६३ साली त्यांच्याकडे नऊ वर्षांची एक मुलगी आणली गेली. आतडे पूर्ण अडले होते. क्रेन यांनी पोट उघडले आणि आतून जंत काढायला सुरुवात केली. काढून झाल्यावर ते मोजले. १,०६३ भरले. मुलगी वाचली नाही.

हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले होते. माझ्या वर्गात नऊ वर्षांच्या मुली बसतात. त्यांच्या पाठीवरचे दप्तर मला ठाऊक आहे, त्यांच्या नखांतली माती ठाऊक आहे. एक हजार त्रेसष्ट! नऊ वर्षांच्या आयुष्यात तेवढी नव्हे, त्याहून कितीतरी जास्त अंडी मातीबरोबर तिच्या तोंडात गेली असणार. आणि ती काही वेडगळ किंवा घाणेरडी मुलगी नव्हती. इतर मुली खात तेच ती खात होती. कोरियातल्या शेतांना तेव्हा माणसांच्या मैल्याचे खत घालीत. आपल्याकडेही त्याला सोनखत असे भरजरी नाव आहे. त्या खतावर कोबी, मुळे वाढत, आणि त्यांचे न शिजवलेले लोणचे, किमची, घरोघर तिन्ही जेवणांना असे. १९५०-५३ च्या युद्धाने देश होरपळलेला. रासायनिक खत कोठले आणि संडास कोठले! त्या वेळी कोरियात जंत नसलेले मूल शोधावे लागले असते.

शेजारच्या जपानची गोष्ट काही निराळी नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे दहांतल्या सहा माणसांच्या पोटात हे जंत होते. तेथे उतरलेल्या अमेरिकन फौजेने तर स्थानिक भाजीपाल्याचा धसका घेऊन टोकिओजवळ मातीविना, खडी आणि औषधी पाण्यावर, आपल्या सैनिकांसाठी वेगळी भाजी पिकवली! जपान्यांनी मात्र आपल्या शाळा हाताशी धरल्या. १९५४ मध्ये कातो आणि मिउरा या दोघांनी सेलोफेनच्या तुकड्याखाली शौच पसरून हजारो नमुने झटपट तपासण्याची युक्ती काढली. १९५८ च्या कायद्याने शाळकरी मुलांची तपासणी सक्तीची झाली.

जिओंजूच्या मुलीची हकीकत कोरियात वर्तमानपत्रांतून पसरली. एका परक्या देशाच्या डॉक्टरने आपल्या मुलीच्या पोटातले जंत मोजून दाखवले, हे त्या स्वाभिमानी लोकांना फार लागले. पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, परजीवी निर्मूलनासाठी तेथे संस्था उभी राहिली. १९६६ मध्ये कायदा झाला. जपानने सूक्ष्मदर्शक, मोटारी आणि माणसे पुरवून हात दिला. १९६९ पासून सबंध देशातल्या शाळांत वर्षातून दोनदा, वसंतात एकदा आणि शरदात एकदा, प्रत्येक मुलाचे शौच तपासायचे असे ठरले.

येथून ही कहाणी माझ्या धंद्यातली होते. कारण हे काम करायचे कोणी? मास्तरांनी! प्रत्येक मुलाला एक कागदी पाकीट मिळे. त्यावर नाव, वर्ग, शाळा. घरून त्यात आपला नमुना घालून आणायचा आणि गुरुजींच्या टेबलावर ठेवायचा. साठसाठ मुलांचा वर्ग आणि टेबलावर साठ पाकिटे! त्या कोरियन गुरुजींची मला दया येते आणि हसूही येते. मुले सर्वत्र सारखीच. कोणी विसरत, आणि शाळेच्या मागे जाऊन मित्राच्या पाकिटातला वाटा उसना घेत. कोणी तर कुत्र्याचा नमुना भरून आणीत. त्या पिढीतली माणसे म्हातारपणी अजून या आठवणी सांगून हसतात. निकाल आला की ज्यांच्यात जंत निघाले त्यांची नावे वर्गात वाचली जात. मग मुलाने पुढे यायचे, गुरुजींच्या डोळ्यांदेखत गोळ्या गिळायच्या आणि तोंड उघडून दाखवायचे. दुसऱ्या दिवशी किती जंत पडले ते येऊन सांगायचे. काही मुले फुशारकीने आकडा वाढवून सांगत असतील याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

१९७१ मध्ये देशभर पाहणी झाली तेव्हा शंभरांतल्या ५४.९ माणसांत हा जंत होता. १९८१ मध्ये १३ जणांत. १९८६ मध्ये २.१. १९९७ मध्ये ०.०६, म्हणजे दहा हजारांत सहा. त्याआधीच, १९९५ मध्ये, शाळांतली पाकिटे बंद झाली होती. पाकिटांत आता काही सापडतच नव्हते.

हे सारे गोळ्यांनी झाले असे मात्र कोणी समजू नये. या वर्षांतच कोरियात रासायनिक खत आले, शेतात मैला टाकणे थांबले, खेड्यांत संडास झाले, नळ आले, घरात चार पैसे आले. गोळीने पोट रिकामे होते, पण माती तीच राहिली तर ते पुन्हा भरते. चेन्नईच्या उत्तरेला पुलिकत सरोवराच्या काठी मच्छीमारांच्या वस्तीत १९८० च्या दशकात काही संशोधकांनी असाच हिशेब मांडला. लोकांना औषध दिले, कोणाच्या पोटातून किती जंत पडले ते माणसागणिक मोजले, काही महिने थांबले आणि पुन्हा मोजले. तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. बहुतेकांच्या पोटात थोडे जंत होते, आणि थोड्यांच्याच पोटात बहुतेक जंत होते. आणि ज्यांच्या पोटात आधी पुष्कळ होते, त्यांच्याच पोटात नंतरही पुष्कळ झाले. जिओंजूची मुलगी अशाच थोड्यांतली असावी.

१९४७ साली नॉर्मन स्टोल या अमेरिकन शास्त्रज्ञाने जगात हा जंत ६४ कोटी ४० लाख माणसांच्या पोटात असल्याचा अंदाज केला होता. २०१० सालचा अंदाज सुमारे ८२ कोटींचा आहे. जगाची वस्ती या काळात तिपटीने वाढली हे खरे, तेव्हा जंत हरत आहेत असेच म्हणावे लागेल. पण ८२ कोटींत आपला वाटा मोठा आहे. १९९० साली श्रीनगरच्या डॉक्टर खुरू यांनी 'लॅन्सेट'मध्ये ५०० रुग्णांची हकीकत छापली. त्यांच्या आतड्यांतले जंत वर चढून पित्ताच्या आणि स्वादुपिंडाच्या नळ्यांत शिरले होते.

आपल्याकडे २०१५ पासून १० फेब्रुवारी हा राष्ट्रीय जंतनाशक दिन असतो. शाळेत आणि अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी द्यायची. पाकिटे नाहीत, तपासणी नाही, सरसकट सर्वांना गोळी. एका परीने मी सुटलो! गोळी चावून खायची असते, म्हणून ती गोड केलेली असते. पहिल्या वर्षी एक पोरगा ती तोंडात घोळवीत संशयाने माझ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, ही तर गोड हाय. मग जंत मरतील का वाढतील?" त्याच्या घरी माझ्या आजीची कोणी मैत्रीण असली पाहिजे. त्याला मी सांगितले की गूळ करताना रस तासन्‌तास उकळतो, त्यात कोणाचे अंडे जगत नाही, गूळ बिचारा निर्दोष आहे. त्याला ते पटलेले दिसले नाही. पण मधल्या सुट्टीत त्याने ही बातमी सगळ्या वर्गाला दिली.

माझी शाळा ऊसतोड मजुरांच्या भागात आहे. दिवाळी झाली की गाड्या भरून माणसे साखर कारखान्यांकडे निघतात, आणि मागे आजीआजोबा नसतील तर मुलेही बरोबर जातात. त्यामुळे १० फेब्रुवारीला माझ्या वर्गातली अकरा-बारा मुले गोळीच्या वेळी जागेवर नसतात. पुढच्या आठवड्यात राहिलेल्यांसाठी पुन्हा गोळ्या देतात, तेव्हाही ती नसतात. हजेरीपटावर मी त्यांच्या नावापुढे 'स्थलांतरित' असे लिहितो आणि उरलेल्या गोळ्यांचा हिशेब आरोग्य केंद्राला पाठवतो.

गेल्या वर्षी पाडव्यानंतर त्यांतली एक मुलगी परत आली. चौथीत आहे, नऊ पुरी झाली. वाळलेली, पोट तेवढे पुढे. मी तिला विचारले, "तिकडे पाणी कुठले प्यायचीस?"

"कॅनॉलचे."

"आणि परसाकडे कुठे जायचीस?"

ती लाजली. शेजारच्या मुलीकडे पाहिले. मग म्हणाली, "उसातच की, गुरुजी. समदी तिथंच जात्यात."

"आणि ऊस खायचीस का?"

"लई!" म्हणाली. "मोडायचा अन्‌ दातानं सोलायचा."

मी आशाताईंना निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी त्या गोळी घेऊन आल्या. मुलीने ती टेबलाजवळ उभी राहून चावली, वर पाणी प्याली आणि मी न सांगताच तोंड उघडून दाखवले.